संगणकाची कच्ची वही

वाण्याच्या दुकानात सकाळपासून गिऱ्हाइकांची रीघ लागलेली असते. कोणी पावशेर गूळ उधार नेतो, कोणी तेल नेतो, कोणी मागच्या उधारीचे पैसे आणून देतो. या प्रत्येक व्यवहाराची नोंद ज्याच्या त्याच्या खात्यावर व्हावी लागते. तथापि दुकानदार दर वेळी गादीवरून उठून कपाट उघडीत नाही, आणि जाडजूड खतावणी काढून त्या गिऱ्हाइकाचे पान शोधीत बसत नाही. तसे केले, तर माल तोलण्यास त्याला वेळच उरणार नाही. तो हाताशी असलेल्या कच्च्या वहीत चटकन टिपून ठेवतो आणि दिवेलागणीनंतर सावकाश त्या नोंदी खतावणीत चढवितो.

या साध्या रीतीत तीन फायदे दडलेले आहेत. एकाच गिऱ्हाइकाने दिवसात चार वेळा उधारी नेली असली, तरी त्याचे पान एकदाच उघडावे लागते. सर्व नोंदी समोर असल्यामुळे त्या पानांच्या क्रमाने लावून घेता येतात; खतावणी पुढे-मागे चाळावी लागत नाही. शिवाय सकाळी नेलेली वस्तू दुपारी परत आली, तर ती नोंद कच्च्या वहीतच खोडली जाते. खतावणीला तिची वार्ताही लागत नाही. मात्र एक धोकाही आहे. संध्याकाळ होण्यापूर्वी कच्ची वही पाण्यात पडली किंवा हरवली, तर त्या दिवसाचा सारा हिशेब बुडतो.

संगणकालाही अशीच एक कच्ची वही असते. तिला ‘बफर कॅश’ असे म्हणतात. येथील ‘कॅश’ या शब्दाचा रोख रकमेशी संबंध नाही. लपविणे या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून तो आला असून हाताशी दडवून ठेवलेला साठा असा त्याचा भाव आहे. ही वही कशी चालते, तिच्यामुळे किती श्रम वाचतात आणि ते वाचलेले श्रम मोजावयाचे कसे, हे जाणून घेण्यासारखे आहे.

माहितीची दोन घरे

संगणकात माहिती दोन ठिकाणी राहते. पहिले ठिकाण म्हणजे त्याची स्मृती, म्हणजेच मेमरी. येथील काम विलक्षण वेगाने होते. परंतु वीज जाताच तेथील सर्व काही पुसले जाते. दुसरे ठिकाण म्हणजे डिस्क. डिस्कवर लिहिलेली माहिती वीज गेली तरी टिकून राहते; परंतु तेथे लिहिण्यास व वाचण्यास त्या मानाने फार वेळ लागतो.

आय. बी. एम. या अमेरिकन कंपनीने १९५६ साली ‘रामॅक’ या नावाचा संगणक बाजारात आणला. डिस्कवर माहिती साठविणारा तो पहिला व्यापारी संगणक होय. त्याच्या साठवणयंत्रात प्रत्येकी २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक बसविलेल्या होत्या, आणि इतके मोठे ते यंत्र सुमारे ५० लाख अक्षरे सामावून घेत असे. पुढे डिस्क लहान होत गेली, तिची साठवणशक्ती अनेक पटींनी वाढली. परंतु फिरत्या डिस्कची मूळ रचना तीच राहिली. धातूची किंवा काचेची, चुंबकीय द्रव्याचा पातळ लेप दिलेली तबकडी वेगाने फिरत असते. तिच्यावर एकाच मध्याभोवती असंख्य वर्तुळाकार वाटा आखलेल्या असतात. एक हात आत-बाहेर सरकतो आणि त्याच्या टोकाशी असलेले लेखनशीर्ष हव्या त्या वाटेवर येऊन थांबते. नंतर तबकडीचा हवा तो भाग फिरत फिरत शीर्षाखाली येण्याची वाट पाहावी लागते. तो भाग आला, की लेखन होते.

हा वेळ किती, ते साध्या गणिताने काढता येते. मिनिटास ७,२०० फेरे घेणारी तबकडी सेकंदास १२० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. हवा असलेला भाग कधी लगेच येतो, तर कधी पूर्ण फेरा घ्यावा लागतो. सरासरीने अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद वाट पाहावी लागते. हात सरकण्यास सरासरीने आणखी ८ मिलिसेकंद लागतात असे धरले, तर एका लेखनास १२ मिलिसेकंद होतात. मनुष्याला हा वेळ जाणवणारही नाही. परंतु तेवढ्या अवधीत संगणकाचा मध्यवर्ती भाग लक्षावधी आकडेमोडी उरकू शकतो. त्याच्या दृष्टीने डिस्कची वाट पाहणे म्हणजे एका शब्दासाठी परगावच्या पत्राची वाट पाहण्यासारखे आहे.

एका अक्षराची किंमत

डिस्कवर सुटे अक्षर लिहिता येत नाही. तेथील माहिती ठरावीक मापाच्या खंडांत विभागलेली असते. या खंडांना ‘ब्लॉक’ म्हणतात. जुन्या काळी एका खंडात ५१२ अक्षरे मावत. अक्षराएवढ्या माहितीच्या मापास ‘बाइट’ असे नाव आहे. एक बाइट बदलावयाचा असला, तरी डिस्कवर पूर्ण खंड पुन्हा लिहावा लागतो.

समजा, एखादा प्रोग्रॅम ५१२ अक्षरांचे एक पत्र एकेक अक्षर करून लिहीत आहे. प्रत्येक अक्षरासाठी तो डिस्ककडे गेला, तर ५१२ वेळा लेखन होईल. प्रत्येक लेखनास १२ मिलिसेकंद धरल्यास एकूण ६ सेकंदांहून अधिक काळ लागेल. तेच सर्व अक्षरे स्मृतीत गोळा करून शेवटी एकदाच खंड लिहिला, तर १२ मिलिसेकंद पुरतील. काम तेच, पत्रही तेच. परंतु श्रम पाचशे बारा पटींनी कमी झाले.

ही युक्ती ज्या संगणक-व्यवस्थांनी सुबकपणे वापरली, त्यांत ‘युनिक्स’ ही फार प्रसिद्ध आहे. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी तिची उभारणी सुरू केली. १९७४ साली या दोघांनी तिचे वर्णन करणारा लेख प्रसिद्ध केला. प्रोग्रॅमने एकच बाइट लिहावयास सांगितले तर काय होते, हे त्यांनी त्यात समजावून दिले होते. व्यवस्था प्रथम आपल्या स्मृतीतील राखीव कप्पे तपासते. या कप्प्यांना ‘बफर’ म्हणतात. हवा असलेला खंड तेथे नसला, तर तो डिस्कवरून आणला जातो. मग कप्प्यातील तेवढा बाइट बदलला जातो आणि ‘हा खंड डिस्कवर लिहावयाचा आहे’ अशी नोंद एका यादीत केली जाते. इतके होताच प्रोग्रॅमला पुढच्या कामास जाण्याची मुभा मिळते. डिस्कवरील प्रत्यक्ष लेखन नंतर, सवडीने होते.

स्मृतीत बदललेला, परंतु डिस्कवर अजून न लिहिलेला जो खंड, त्याला संगणकाच्या भाषेत ‘मळका’ खंड म्हणतात. तो डिस्कवर लिहिला गेला, की ‘स्वच्छ’ झाला. मळक्या खंडांची संख्या वेळीच कमी करीत राहणे हे व्यवस्थेचे नित्याचे काम होय.

वाचलेले श्रम मोजण्याची रीत

कोणतीही युक्ती उपयोगी आहे असे नुसते म्हणून भागत नाही. ती किती उपयोगी आहे, हे मोजून दाखवावे लागते. त्यासाठी दोन गोष्टींची गणती ठेवतात.

पहिली गणती अशी : प्रोग्रॅमांनी बफरमध्ये किती वेळा लेखन केले? याला तार्किक लेखन म्हणावे. दुसरी गणती अशी : व्यवस्थेने डिस्कवर खरोखर किती वेळा लेखन केले? याला प्रत्यक्ष लेखन म्हणावे. तार्किक लेखनातून प्रत्यक्ष लेखन वजा केले, म्हणजे वाचलेले लेखन मिळते. वाचलेल्या लेखनाला तार्किक लेखनाने भागून शंभराने गुणले, म्हणजे शेकडा बचत निघते. हीच बफर कॅशची लेखन-कार्यक्षमता होय.

समजा, एका तासात प्रोग्रॅमांनी १,००० वेळा लेखन केले आणि डिस्कवर केवळ २५० वेळा लिहावे लागले. मग ७५० लेखने वाचली. ७५० भागिले १,०००, गुणिले १०० म्हणजे ७५. कार्यक्षमता शेकडा ७५ झाली. डिस्कवर १,००० वेळा लिहावे लागले असते, तर कार्यक्षमता शून्य ठरली असती. कच्ची वही असून नसल्यासारखीच झाली असती. युनिक्सच्या अनेक प्रकारांत ‘सार’ या नावाचा एक प्रोग्रॅम असतो. तो या दोन्ही गणत्या ठेवतो आणि त्यांवरून शेकडा बचत काढून संगणकाच्या देखरेख करणाऱ्यास दाखवितो.

हा हिशेब सोपा दिसत असला, तरी त्यात एक खोच आहे. लेखन आज बफरमध्ये होते आणि डिस्कवर उद्या, असा प्रकार असल्यामुळे फार थोड्या वेळाची गणती फसवी ठरते. समजा, पहिल्या मिनिटात २०० तार्किक लेखने झाली आणि डिस्कवर २० च खंड गेले. कार्यक्षमता शेकडा ९० दिसेल. दुसऱ्या मिनिटात प्रोग्रॅमांनी ५० च लेखने केली, परंतु साचलेले खंड आता डिस्कवर जाऊ लागले आणि प्रत्यक्ष लेखने १५० झाली. मग ५० तून १५० वजा जाता उणे १०० उरतात आणि कार्यक्षमता उणे २०० अशी चमत्कारिक निघते! पहिल्या मिनिटाची कार्यक्षमता पाहून हुरळून जाणारा आणि दुसऱ्या मिनिटाची पाहून घाबरणारा, असे दोघेही चुकतात. दोन्ही मिनिटे एकत्र घेतली, तर तार्किक लेखने २५० आणि प्रत्यक्ष लेखने १७० होतात. ८० वाचली, म्हणजे खरी बचत शेकडा ३२ आहे. म्हणून मापन करणाऱ्याने पुरेसा दीर्घ काळ घ्यावा, हा या शास्त्रातील पहिला धडा होय.

संख्या तीच, वेळ निराळा

लेखनांची संख्या मोजली, म्हणजे सर्व कळले असे मात्र नाही. पोस्टमनला शंभर पत्रे वाटावयाची आहेत. पत्रे जशी हाती येतील तशी तो वाटू लागला, तर एकदा वरच्या आळीत, एकदा वेशीपाशी, पुन्हा वरच्या आळीत अशी त्याची पायपीट होईल. म्हणून तो निघण्यापूर्वी पत्रे आळीवार आणि घरवार लावून घेतो. पत्रे शंभरच, परंतु चालणे कितीतरी कमी होते.

डिस्कच्या हाताचेही असेच आहे. बफरमध्ये पुष्कळ मळके खंड जमले, की व्यवस्था ते डिस्कवरील जागांच्या क्रमाने लावू शकते. मग हात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जातो आणि वाटेतील खंड लिहीत जातो. खंडांची गणती केली तर हा लाभ दिसणार नाही. त्यासाठी दुसरे माप हवे. डिस्क आपल्या पूर्ण वेगाने सलग लिहीत राहिली, तर सेकंदास किती माहिती लिहील, आणि प्रत्यक्षात ती किती लिहिते, या दोहोंचे प्रमाण म्हणजे हे दुसरे माप होय.

या मापाचे एक उत्तम उदाहरण कॅलिफोर्नियातील बर्कली येथील विद्यापीठात घडले. तेथे मार्शल मॅक्युसिक, विल्यम जॉय, सॅम्युएल लेफलर व रॉबर्ट फॅब्री यांनी युनिक्ससाठी फाइली ठेवण्याची एक नवी, जलद व्यवस्था तयार केली आणि १९८४ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. नवी व्यवस्था चांगली आहे असे सांगून ते थांबले नाहीत. जुनी व नवी या दोन्ही त्यांनी एकाच प्रकारच्या यंत्रावर तोलून पाहिल्या. त्या डिस्कची पूर्ण शक्ती सेकंदास ९८३ किलोबाइट इतकी होती. परंतु जुन्या व्यवस्थेत वाचन सेकंदास २९ किलोबाइट, तर लेखन ४८ किलोबाइट इतकेच होत असे. म्हणजे वाचनात डिस्कच्या शक्तीपैकी शेकडा ३ आणि लेखनात शेकडा ५ एवढाच भाग उपयोगी पडत होता. उरलेला सारा वेळ हात सरकविण्यात आणि तबकडीची वाट पाहण्यात जात होता.

या आकड्यांत एक आश्चर्य आहे. लिहिणे हे वाचण्याहून सोपे नसते. मग लेखन वाचनाहून जलद कसे झाले? त्याचे श्रेय बफर कॅशला आहे. वाचन करणारा प्रोग्रॅम एक खंड हाती येईपर्यंत थांबून राहतो. त्यामुळे खंड जसे मागितले जातील, त्याच विस्कळीत क्रमाने ते आणावे लागतात. लेखन करणारा प्रोग्रॅम थांबत नाही. त्याचे खंड बफरमध्ये जमत जातात आणि जवळचा खंड आधी, दूरचा नंतर असे लावून ते डिस्कवर पाठविता येतात. पत्रे लावून घेणाऱ्या पोस्टमनची युक्ती या दोन आकड्यांतून स्पष्ट दिसते.

बर्कलीच्या संशोधकांनी नव्या व्यवस्थेत खंडांचे माप १,०२४ बाइटांवरून ४,०९६ किंवा त्याहून अधिक केले, आणि एका फाइलचे खंड डिस्कवर शक्य तितके जवळ जवळ राहतील अशी योजना केली. त्यामुळे ८,१९२ बाइटांचे खंड वापरून, त्याच तऱ्हेच्या जोडणीवर, वाचन सेकंदास २३३ किलोबाइट व लेखन २१५ किलोबाइट होऊ लागले. अधिक जलद जोडणीवर तर दोन्ही ४६६ किलोबाइटांपर्यंत, म्हणजे डिस्कच्या शक्तीच्या शेकडा ४७ पर्यंत पोहोचले. पूर्वी विखुरलेले खंड आता मुळातच जवळ असल्यामुळे वाचनाची अडचण दूर झाली. लेखनात मात्र प्रत्येक नव्या खंडास जागा नेमून देण्याचे जादा काम असते. म्हणून पहिल्या जोडणीवर लेखन वाचनाच्या किंचित मागे राहिले.

जन्मताच नाहीशी होणारी माहिती

कच्च्या वहीचा तिसरा फायदा, म्हणजे लिहिण्यापूर्वीच खोडली जाणारी नोंद, हाही मोजून पाहण्यात आला. १९८५ साली त्याच विद्यापीठातील जॉन ऑस्टरहाउट व त्यांचे सहकारी यांनी युनिक्स यंत्रांवर लोक फाइली कशा वापरतात, याचा बारकाईने अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना असे आढळले, की नव्याने लिहिलेल्या माहितीपैकी शेकडा २० ते ३० इतकी माहिती अवघ्या ३० सेकंदांत पुसली जाते किंवा तिच्यावर दुसरे काही लिहिले जाते. पाच मिनिटांत तर सुमारे निम्मी माहिती नाहीशी होते.

हे ऐकून नवल वाटेल. परंतु संगणक काम करीत असता अनेक तात्पुरत्या फाइली तयार करतो. एक प्रोग्रॅम अर्धवट काम करून फाइल लिहितो, दुसरा ती वाचून पुढचे काम करतो, आणि लागलीच ती फाइल टाकून दिली जाते. गणित सोडविताना विद्यार्थी पाटीवर आकडे मांडतो आणि उत्तर मिळताच पुसून टाकतो, तसेच हे आहे. अशी माहिती डिस्कवर लिहिण्याचे श्रम व्यर्थच होत. डिस्कवर जाण्याआधी ती थोडा वेळ बफरमध्ये थांबली, तर लिहिण्याची गरजच उरत नाही. त्याच अभ्यासात असेही दिसून आले, की त्या वेळच्या युनिक्समधील मध्यम आकाराचे बफर कॅश डिस्कचे काम सुमारे निम्म्याने कमी करीत, आणि कॅश काही मेगाबाइटांचा केला तर ते काम शेकडा ९० पर्यंत किंवा त्याहूनही अधिक घटू शकेल.

कार्यक्षमता आणि सुरक्षितता

यावरून कोणी असा तर्क करील, की खंड बफरमध्ये जितका अधिक वेळ ठेवावा तितके उत्तम. किंबहुना ते डिस्कवर लिहूच नयेत, म्हणजे कार्यक्षमता शेकडा १०० होईल! हा तर्क अंकगणितात बरोबर आहे आणि व्यवहारात घातक आहे. मळका खंड केवळ स्मृतीत असतो. अचानक वीज गेली, तर तो कायमचा नाहीसा होतो. लेखकाने तासभर लिहिलेला मजकूर, रुग्णालयातील रुग्णाची नोंद, बँकेतील ठेवीचा आकडा, यांपैकी काहीही त्या खंडात असू शकते. प्रोग्रॅमला ‘लिहिले’ असे उत्तर मिळालेले असते. परंतु टिकाऊ जागी त्यातील एक अक्षरही पोहोचलेले नसते.

म्हणून दोन्ही बाजू सांभाळणारा मध्यम मार्ग काढण्यात आला. जुन्या युनिक्समध्ये एक लहानसा प्रोग्रॅम दर ३० सेकंदांनी जागा होत असे आणि साचलेले सर्व मळके खंड डिस्कवर पाठविण्याची आज्ञा देत असे. या आज्ञेचे नाव ‘सिंक’. तीस सेकंदांत बरीच अल्पायुषी माहिती आपोआप गळून जाई, पुष्कळ खंड क्रमाने लावता येत, आणि वीज गेलीच तर नुकसान फार तर अर्ध्या मिनिटाच्या आसपासच्या कामाचे होई. ‘लिनक्स’ या आजच्या व्यवस्थेतही हीच रीत थोड्या फरकाने चालू आहे. सामान्यतः तिचे लेखन करणारे सेवक दर ५ सेकंदांनी जागे होतात आणि ३० सेकंदांहून अधिक काळ मळके राहिलेले खंड डिस्कवर नेऊन टाकतात.

ज्या कामात अर्ध्या मिनिटाचेही नुकसान चालणार नाही, त्यासाठी निराळी सोय आहे. ‘एफसिंक’ या आज्ञेने प्रोग्रॅम व्यवस्थेला असे सांगतो, की या फाइलचे सर्व मळके खंड आत्ताच डिस्कवर लिहावेत, आणि ते लिहून होईपर्यंत आपण थांबून राहू. पैशांचे व्यवहार सांभाळणारे माहितीकोश या आज्ञेचा आश्रय घेतात. अशा लेखनात बचत फार थोडी होते. बचतीचा आकडा पाहून कोणी त्या प्रोग्रॅमला आळशी किंवा उधळ्या म्हणेल, तर तो त्याच्यावर अन्याय होईल. त्याने श्रमाची बचत सोडून दिली, ती खातेदाराचा पैसा सुरक्षित राहावा म्हणून.

हा विषय केवळ मोठ्या यंत्रांपुरता नाही. पुष्कळ संगणकांवर पेन ड्राइव्हवर फाइल उतरवून घेताना ‘काम पूर्ण झाले’ असे दिसते, परंतु काही खंड अजून स्मृतीतच वाट पाहत असू शकतात. त्याच क्षणी पेन ड्राइव्ह ओढून काढला, तर फाइल अर्धवट राहण्याचा किंवा बिघडण्याचा संभव असतो. म्हणून तो काढण्यापूर्वी संगणकाला तशी आज्ञा द्यावी आणि ‘आता काढण्यास हरकत नाही’ असे उत्तर येईपर्यंत थांबावे. त्या थोड्या सेकंदांत राहिलेले मळके खंड आपल्या घरी पोहोचतात.

आता अनेक संगणकांत फिरत्या तबकडीऐवजी एस. एस. डी. नावाची साठवण असते. तिच्यात सरकणारा हात नाही आणि फिरणारी तबकडीही नाही. त्यामुळे तिचा वेग पुष्कळ अधिक आहे. मग कच्च्या वहीची गरज संपली काय? तसे नाही. एस. एस. डी. मध्ये लिहिलेली जागा पुन्हा वापरण्यापूर्वी ती पुसावी लागते, एका वेळी मोठा गट पुसला जातो, आणि प्रत्येक गट ठरावीक वेळाच पुसता येतो. नंतर तो झिजून निकामी होतो. म्हणून येथे वाचविलेले प्रत्येक लेखन वेळेबरोबर यंत्राचे आयुष्यही वाचविते. साधन बदलले, पण काटकसरीचे मोल कमी झाले नाही.

मापनाचे महत्त्व यावरून ध्यानात येते. बर्कलीच्या संशोधकांनी शेकडा ३ आणि शेकडा ५ हे दोन लहान आकडे काढले नसते, तर डिस्कची बहुतेक शक्ती वाया जात आहे हे कोणाच्या लक्षात आले असते? परंतु आकडा नुसता मोठा असणे म्हणजेच चांगले, असेही नाही. तो किती काळाचा आहे, त्यात काय मोजले आहे, आणि तो वाढविण्यासाठी कोणती गोष्ट धोक्यात घातली आहे, हे तिन्ही प्रश्न विचारल्यावाचून त्याचा अर्थ उलगडत नाही. श्रम वाचवावेत, परंतु जे जपून ठेवण्यासाठी ते करावयाचे, तेच गमावून वाचवू नयेत.